गर्भनिरोधक गोळी: पहिले पाकीट उघडण्यापूर्वी

औषधांच्या दुकानात ही मागणी बहुधा हळू आवाजात होते. दुकानात दुसरे गिऱ्हाईक नाही असे पाहून, 'ती गोळी द्या' एवढेच म्हटले जाते आणि दुकानदार त्याच्या समजुतीप्रमाणे काहीतरी कागदात गुंडाळून देतो. पण 'ती गोळी' या दोन शब्दांत किमान तीन निरनिराळी औषधे सामावलेली आहेत, आणि त्यांची एकमेकांत गल्लत झाली की नको असलेली गर्भधारणा होण्याचा धोका असतो.

पहिले औषध आपल्या समाजात सर्वांत परिचयाचे आहे. घरी गणपती येणार, जत्रा आहे किंवा लग्नकार्य आहे आणि पाळीची तारीख नेमकी त्याच दिवसांत येते. मग पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेतली जाते. त्यात बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक ५ मिलिग्रॅमच्या मात्रेत असते. अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून ते दिवसातून तीनदा घेतात आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत स्राव सुरू होतो. या गोळीने पाळी लांबते; अशा रीतीने घेतल्यास गर्भधारणेपासून संरक्षण मिळते असे मात्र मानता येत नाही. दुसरी गोळी जाहिरातींमुळे घराघरांत पोहोचलेली, ७२ तासांच्या आत घ्यावयाची. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असते. निरोध फाटला, काही साधन वापरलेच नाही किंवा बळजबरी झाली, अशा अडचणीच्या प्रसंगासाठी ती आहे. महिन्यातून चार-पाच वेळा ती घेऊन निभावणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांची पाळी विस्कळीत होते आणि संरक्षणही रोजच्या गोळीइतके भरवशाचे मिळत नाही.

तिसरी ती रोजची गर्भनिरोधक गोळी. या लेखाचा विषय तीच आहे.

गोळीत काय असते आणि ती काय करते

रोजच्या संयुक्त गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकांची कृत्रिम रूपे अल्प प्रमाणात असतात. सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळणाऱ्या 'माला-एन' गोळीत एथिनाइल इस्ट्राडिऑल ०.०३ मिलिग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम असते. दुकानात अल्प किमतीत विकली जाणारी 'माला-डी' हिचेच भावंड. पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ पांढऱ्या गोळ्यांत संप्रेरके असतात आणि उरलेल्या ७ गडद रंगाच्या गोळ्या केवळ लोहाच्या असतात. खाजगी कंपन्यांच्या काही पाकिटांत २१च गोळ्या असतात. ती संपल्यावर सात दिवस थांबून आठव्या दिवशी नवे पाकीट सुरू करायचे असते. आपल्या हातातले पाकीट कोणत्या प्रकारचे आहे, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे.

ही संप्रेरके शरीरात रोज येत राहिली की बीजांडकोशातून दर महिन्याला बाहेर पडणारे स्त्रीबीज बाहेर पडत नाही. शिवाय गर्भाशयमुखाजवळचा स्राव घट्ट होऊन शुक्राणूंची वाट अडते. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत संप्रेरकांचा पुरवठा थांबतो, म्हणून अंगावरून जाते. हा स्राव नेहमीच्या पाळीसारखा दिसला तरी तो स्त्रीबीज तयार होऊन गेल्यानंतरचा नसतो. गोळी घेणाऱ्या स्त्रीचा स्राव कमी दिवस आणि कमी प्रमाणात असतो, याचे कारण हेच. 'घाण आत साचून राहते' ही सर्वत्र ऐकू येणारी भीती निराधार आहे. आतले अस्तरच पातळ राहते, त्यामुळे साचायला काही नसते.

आजी-मावशींनी सांगितलेल्या गोळीच्या दुष्परिणामांच्या कथा सगळ्याच खोट्या नसतात. मात्र त्या दुसऱ्या काळातल्या असतात. १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधनासाठी मान्यता मिळालेल्या 'एनोव्हिड' या पहिल्या गोळीत प्रोजेस्टेरॉनवर्गीय द्रव्य तब्बल १० मिलिग्रॅम आणि इस्ट्रोजेनवर्गीय द्रव्य ०.१५ मिलिग्रॅम होते. आजच्या मात्रेशी ही तुलना करून पाहावी. त्या गोळीच्या मोठ्या चाचण्या १९५६पासून प्वेर्तो रिको बेटावरील गरीब वस्त्यांत झाल्या आणि तेथील स्त्रियांनी सांगितलेला मळमळीचा, डोकेदुखीचा त्रास तेव्हा पुरेशा गांभीर्याने घेतला गेला नाही. स्त्रियांच्या तक्रारींकडे काणाडोळा करण्याची ती सवय आजही पूर्ण गेलेली नाही, हे ओघाने आले म्हणून नोंदवावेसे वाटते. मराठी वाचकाला येथे रघुनाथ धोंडो कर्वे यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणाऱ्या आणि १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून खटले ओढवून घेणाऱ्या या माणसाला गोळी पाहायला मिळाली नाही. १९५३ साली ते निवर्तले आणि गोळी त्यानंतर सात वर्षांनी आली.

सुरू करण्यापूर्वी द्यावयाची उत्तरे

गोळी सुरू करण्यासाठी आतून तपासणी किंवा रक्ताच्या महागड्या चाचण्या सर्वसाधारण निरोगी स्त्रीला लागत नाहीत. लागतात त्या दोन गोष्टी: एकदा मोजलेला रक्तदाब आणि काही प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे. दुकानातून परस्पर गोळी आणली की नेमक्या याच दोन गोष्टी राहून जातात.

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल तर ही गोळी बहुधा देत नाहीत. १६०/१००च्या पुढे तर मुळीच नाही. पायाच्या शिरेत किंवा फुफ्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेला असेल, स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा गंभीर आजार असेल, तर संयुक्त गोळी वर्ज्य. पस्तिशी ओलांडलेल्या आणि सिगारेट ओढणाऱ्या स्त्रीनेही ती टाळायची असते. आपल्याकडे धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया कमी, पण मशेरी लावणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या बऱ्याच आहेत. 'ते काही ओढणे नव्हे' असे समजून ती माहिती लपवू नये, डॉक्टरांना सांगावी.

अर्धशिशीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारायचा राहतो. साधी डोकेदुखी वेगळी. परंतु डोके दुखू लागण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेषा दिसणे, दृष्टीचा एखादा भाग काही वेळ नाहीसा होणे, एका बाजूचा हात किंवा चेहरा बधिर होणे, शब्द न सुचणे असे काही होत असेल, तर अशा अर्धशिशीत संयुक्त गोळीमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. वय कितीही कमी असले तरी अशा स्त्रीने ती घेऊ नये. ही लक्षणे वीस-पंचवीस मिनिटांत निघून जातात, म्हणून अनेकींना ती सांगण्यासारखी वाटतच नाहीत.

चालू असलेल्या औषधांची यादीही सोबत न्यावी. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन, फिट्सवरील फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फेनोबार्बिटोन या औषधांमुळे गोळीचा परिणाम उणावतो. फिट्सवरच्याच लॅमोट्रिजिनच्या बाबतीत उलटे घडते: गोळीमुळे त्या औषधाचे रक्तातील प्रमाण घटून फिट येण्याची शक्यता वाढते. क्षयरोगाचे उपचार घेणारी स्त्री कुटुंबनियोजनासाठी वेगळ्या दाराने जाते आणि दोन कागद एकमेकांना भेटत नाहीत, असे व्हायला नको.

बाळंतपणानंतर अंगावर पाजणाऱ्या मातेने पहिले सहा महिने संयुक्त गोळी टाळावी. तिच्यासाठी केवळ प्रोजेस्टेरॉनवर्गीय द्रव्य असलेली गोळी किंवा पुढे सांगितलेली 'छाया' हे पर्याय आहेत. अंगावर पाजत नसेल तरीही निदान तीन आठवडे थांबायचे असते, कारण त्या दिवसांत गुठळी होण्याचा धोका मुळातच अधिक असतो. गर्भपातानंतर मात्र लगेच सुरू करता येते. स्त्री विवाहित असो वा नसो, वैद्यकीय निकष तेच राहतात.

पहिला दिवस

पाळीच्या पहिल्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत केव्हाही पहिली गोळी घेतली तर संरक्षण त्याच क्षणापासून मिळते. त्यानंतरही, गर्भ राहिलेला नाही याची वाजवी खात्री असेल तर, कोणत्याही दिवशी सुरू करता येते. फक्त पुढचे सात दिवस निरोध वापरावा लागतो. पुढच्या पाळीची वाट पाहत बसण्यात काही स्त्रियांना दिवस जातात, म्हणून ही सवलत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पाकिटावर बाण असतो. बाणाने दाखवलेल्या गोळीपासून आरंभ करून रोज एक, ओळीने. पांढऱ्या संपल्या की लोहाच्या, आणि अठ्ठाविसावी संपली की दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट, स्राव चालू असो वा थांबलेला. नवे पाकीट घरात आधीच आणून ठेवलेले असावे. पहिल्या पांढऱ्या गोळीला उशीर झाला की संप्रेरकांविना गेलेले दिवस सातांहून अधिक होतात आणि बीजांडकोश जागा होतो. गोळी चुकण्याची सर्वांत वाईट जागा म्हणूनच पाकिटाचा आरंभ ही आहे.

वेळ कोणती? जी रोज सापडेल ती. रात्रीच्या जेवणानंतर घेतल्यास मळमळ झोपेत निघून जाते. सकाळच्या कामाच्या, शाळेच्या डब्यांच्या धांदलीत गोळी विसरते असा बहुतेकींचा अनुभव. निर्जळ उपवास करणाऱ्यांनी हरितालिकेसारखा दिवस आधीच ध्यानात घ्यावा. उपवास आणि लगेच दुसऱ्या दिवशी चतुर्थीची गडबड असे दोन दिवस सलग हुकणे सहज शक्य असते. घोटभर पाण्याने गोळी घ्यायची की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न, पण घेणार नसल्यास पुढचा परिच्छेद वाचून ठेवावा.

गोळी चुकली तर

एक किंवा दोन पांढऱ्या गोळ्या चुकल्या, अथवा पाकीट एक-दोन दिवस उशिरा सुरू झाले, तर आठवण होताच एक गोळी घ्यावी आणि पुढच्या नेहमीच्या वेळी घेत राहाव्यात. त्यामुळे कधी एकाच दिवशी दोन गोळ्या घ्याव्या लागतील. त्याने अपाय होत नाही. तीन किंवा अधिक चुकल्या तर मात्र एक गोळी लगेच घेऊन पुढे चालू ठेवायचे आणि सलग सात दिवस निरोध वापरायचा किंवा संबंध टाळायचा. ही चूक तिसऱ्या आठवड्यात झाली असेल, तर उरलेल्या पांढऱ्या गोळ्या संपवून लोहाच्या सातही टाकून द्याव्यात आणि थेट नवे पाकीट सुरू करावे. त्या महिन्यात पाळीसारखा स्राव होणार नाही, घाबरू नये. गोळ्या चुकल्या त्या सुमारास, मागील पाच दिवसांत, संबंध आला असेल तर तातडीच्या गोळीविषयी डॉक्टरांना विचारावे. लोहाची गोळी चुकली तर ती नुसती फेकून द्यावी.

गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यावी. उलट्या-जुलाब दोन दिवसांहून अधिक चालले तर तीन गोळ्या चुकल्याप्रमाणे वागावे. पावसाळ्यात पोट बिघडण्याचे प्रमाण पाहता ही गोष्ट पुस्तकापुरती नाही.

हे सर्व इतक्या बारकाईने सांगण्याचे कारण आकड्यांत आहे. अजिबात न चुकता गोळी घेणाऱ्या हजार स्त्रियांपैकी पहिल्या वर्षात सुमारे तिघींना गर्भ राहतो. प्रत्यक्षात माणसे घेतात तशी, चुकतमाकत घेतली तर हेच प्रमाण शंभरात सातांवर जाते.

पहिले तीन महिने

गोळी सोडून देण्याचे निर्णय बहुधा याच काळात होतात, आणि मुकाट्याने होतात. दुसऱ्या पाकिटाच्या मधोमध कपड्यावर डाग दिसतो, 'उष्णता झाली' किंवा 'आत काही बिघडले' असे घरातली वडीलधारी बाई म्हणते, गोळी थांबते, दुसरे साधन सुरू होत नाही, आणि दोन महिन्यांनी पाळी चुकते. म्हणून हे आधीच सांगितले पाहिजे: मधूनच थोडे अंगावरून जाणे, मळमळ, डोके जड होणे, स्तन दुखणे हे आरंभी अनेकींना होते आणि साधारण तीन महिन्यांत ओसरते. डाग दिसत असताना गोळी चालूच ठेवायची असते. थांबवली तर स्राव वाढतो आणि संरक्षण जाते. तीन महिन्यांनंतरही त्रास राहिला तर गोळीचा प्रकार बदलता येतो. काही स्त्रियांना मन उदास झाल्यासारखे वाटते. तेही 'मनाचे खेळ' म्हणून न सोडता डॉक्टरांना सांगावे.

वजनाविषयी: आजवरच्या अभ्यासांत गोळीमुळे वजन लक्षणीय वाढते असे दिसून आलेले नाही. वंध्यत्वाविषयी: गोळी थांबवल्यावर प्रजननक्षमता लवकरच परत येते, आणि 'शरीराला विश्रांती' म्हणून मधे खंड पाडण्याची गरज नसते. खंडात दिवस जातात, एवढेच होते. नकळत गर्भ राहिलेला असताना काही गोळ्या घेतल्या गेल्या तर त्यांमुळे बाळात व्यंग येत नाही. कर्करोगाचे चित्र मिश्र आहे. बीजांडकोशाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याची शक्यता गोळीमुळे घटते. स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शक्यता घेत असताना किंचित वाढते आणि थांबवल्यावर हळूहळू उतरते.

खरा जपण्याचा धोका रक्ताच्या गुठळीचा. तो दुर्मीळ आहे, पण तो गोळी सुरू केल्याच्या पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाला सुमारे दोघींना अशी गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. ड्रोस्पायरेनॉन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या संयुक्त गोळ्यांत नऊ ते बारा जणींना. महागडी गोळी म्हणजे अधिक सुरक्षित गोळी, असा निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हाच धोका या सर्वांहून अधिक असतो.

एका पायाची पोटरी सुजून दुखू लागणे, छातीत कळ येणे किंवा अचानक धाप लागणे, कधी नव्हे इतके तीव्र डोके दुखणे, दिसण्यात वा बोलण्यात बिघाड, पोटात असह्य दुखणे, डोळे पिवळे होणे, यांपैकी काहीही झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि गोळी चालू असल्याचे तेथे न विचारता सांगावे. मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तरीही आधी कळवावे.

'छाया' आणि इतर काही

ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाही त्यांच्यासाठी आपल्याच देशात शोध लागलेली एक गोळी आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत डॉ. नित्या आनंद यांच्या नेतृत्वाखाली सेंटक्रोमन हे द्रव्य विकसित झाले. 'सहेली' या नावाने ते १९९१मध्ये बाजारात आले आणि २०१७पासून 'छाया' या नावाने शासकीय कार्यक्रमातून दिले जाते. ही संप्रेरकाची गोळी नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी ती घ्यायची असते. पाळीच्या पहिल्या दिवशी रविवार असेल तर रविवार आणि बुधवार हे तिचे वार झाले. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार. अंगावर पाजणाऱ्या मातेला ती चालते. आरंभी काहींची पाळी लांबते, हे मात्र ठाऊक असावे. बीजांडकोशात गाठी असलेल्यांनी किंवा नुकतीच कावीळ होऊन गेलेल्यांनी ती घेऊ नये.

उलट, पाळी अनियमित असणे, अतिरक्तस्राव, पाळीत असह्य वेदना किंवा बीजांडकोशातील गाठी यांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ अनेक तरुण मुलींना संयुक्त गोळीच लिहून देतात. अशा वेळी पाकिटावरचे नाव वाचून आई दचकते. औषध तेच, कारण वेगळे. आणि आरंभीचे प्रश्न व धोक्याची लक्षणे तीच.

कोणतीही गोळी एचआयव्ही किंवा अन्य लैंगिक संसर्गांपासून रक्षण करीत नाही. ते काम निरोधचे.

माला-एन आणि छाया प्राथमिक आरोग्य केंद्रात व उपकेंद्रात मिळतात. जेथे आशा कार्यकर्त्या आहेत तेथे त्या घरी आणून देतात. लहान गावात ओळखीच्या परिचारिकेसमोर जाणे अवघड वाटत असेल तर शेजारच्या केंद्रात जाण्यास आडकाठी नसते. पहिल्या तीन महिन्यांनंतर एकदा आणि पुढे वर्षातून एकदा रक्तदाब मोजून घ्यावा. गोळ्या नियमित घेऊनही एखाद्या महिन्यात स्राव झाला नाही तरी नवे पाकीट वेळेवर सुरू करावे. सलग दोन महिने झाला नाही, किंवा मधे गोळ्या चुकल्या असतील, तर लघवीची चाचणी करून घ्यावी. मूल हवेसे वाटेल तेव्हा हाती असलेले पाकीट संपवून थांबावे.